वाचकांचे प्रश्न : शरण आलेल्याला नायक का मारतो?

प्रश्न : आमच्या वाचनकट्ट्यावर रोमन कवी व्हर्जिलचे महाकाव्य 'इनीड' वाचून झाले. त्याचा नायक इनीअस कर्तव्यनिष्ठ, देवभीरू म्हणून कवी सारखी त्याची भलामण करतो. पण हाच माणूस कार्थेजची राणी डिडो हिला वाऱ्यावर सोडतो आणि शेवटी हात पसरणाऱ्या शत्रूला, टर्नसला ठार मारतो. लगेच काव्य संपते! ते अपुरे राहिले म्हणून असे झाले का? – एक वाचक, सांगली

उत्तर : अपुरे राहिले हे खरे. इ.स.पू. १९ मध्ये व्हर्जिल वारला तेव्हा शेवटचा हात फिरवायचा राहिला होता. हस्तलिखित जाळा असे तो सांगून गेला, पण सम्राट ऑगस्टसने ते होऊ दिले नाही, असे जुने चरित्रकार सांगतात. अर्ध्यावर सुटलेल्या पन्नासहून जास्त ओळी काव्यात आजही दिसतात. शेवटची ओळ मात्र त्यांतली नाही. टर्नसचा प्राण कण्हत, चरफडत पाताळात जातो, ही ओळ पूर्ण आहे. शिवाय अकराव्या सर्गात टर्नसच्या बाजूने लढणारी कॅमिला पडते तेव्हा हीच ओळ जशीच्या तशी येऊन गेली आहे. हे काही चुकून झालेले नाही.

आता प्रसंग नीट पाहा. मांडीत भाला घुसलेला टर्नस म्हणतो, माझ्या म्हाताऱ्या बापाची कीव कर, तुलाही अँकायसिससारखा बाप होता. त्याच अँकायसिसला इनीअसने जळत्या ट्रॉयमधून खांद्यावर बसवून बाहेर काढले होते. त्याचा हात थबकतो, मन वळू लागते. तेवढ्यात टर्नसच्या खांद्यावरचा पट्टा दिसतो. तो पॅलसचा, टर्नसने मारलेल्या, बापाने इनीअसच्या भरवशावर लढाईला धाडलेल्या कोवळ्या पोराचा. पट्ट्यावर कोरले आहे काय, तर लग्नाच्या रात्रीच कापून काढलेले नवरदेव! तलवार छातीत जाते.

सहाव्या सर्गात मेलेला अँकायसिसच पाताळात आलेल्या इनीअसला बजावतो की नमलेल्याला अभय द्या, माजलेल्याला लोळवा. टर्नस यांतला कोण? तो दोन्ही आहे, आणि अभ्यासक त्यावर अजून भांडतात. माझ्या मते कवीला निवाडा द्यायचाच नव्हता. होमरच्या 'इलियड'मधला अकिलीस अखेर आपणच मारलेल्या हेक्टरच्या बापाबरोबर रडतो, प्रेत परत देतो. व्हर्जिलने तो दिलासा जाणूनबुजून ठेवला नाही. त्याचे श्रोते यादवी युद्धांतून होरपळून निघालेले. ऑगस्टसची शांतता रोमनांच्याच रक्तातून आली हे त्यांना कुणी सांगायला नको होते.

डिडोबद्दलची तुमची तक्रार रास्त आहे. देवराज ज्युपिटरचा निरोप घेऊन देवदूत मर्क्युरी येतो तेव्हा इनीअस तिने दिलेला जांभळा झगा पांघरून तिच्याच कार्थेजची बांधकामे करवून घेत असतो. पुढे, तिने जीव दिल्यावर, पाताळात तो तिला विनवतो, मी मनाने निघालो नव्हतो गं. ती नजर वर करत नाही, उत्तर देत नाही, पहिल्या नवऱ्याकडे निघून जाते. चौथ्या सर्गातल्या तिच्या शिव्याशापांपेक्षा मला हेच जास्त झोंबते. नुसती भलामणच करायची असती तर कवीने हा प्रसंग लिहिलाच नसता.

कट्ट्यावर दहावा सर्ग पुन्हा काढा. पॅलस पडल्यावर इनीअस आठ तरुण जिवंत पकडतो, त्याच्या चितेवर बळी द्यायला. बाराव्या सर्गातला राग तिथपासूनचा आहे.