चूक सुधाची की महेंदरची?

काका, नमस्कार. परवा सासूबाईंबरोबर ‘इजाजत’ हा गुलजारचा हिंदी सिनेमा पाहिला आणि घरात दोन पक्ष पडले. त्या म्हणतात, बायको सुधा घर सोडून गेली नसती तर महेंदरची जुनी प्रेयसी माया मेली नसती. मी म्हणते, सगळं महेंदरनं केलं. पोळ्या लाटताना अजून वाद चालू आहे. तुम्ही निकाल द्या. — एक सून, सांगली

सूनबाई, निकाल देतो, पण सासूबाईंना पूर्ण हरवणार नाही.

महेंदर लबाड आहे, असं आपण पटकन म्हणतो. पण लग्नाआधी त्यानं सुधाला मायाबद्दल सगळं सांगितलंय. मायाला आणायला तो गेलासुद्धा होता, ती गायब. तेव्हा माया हे त्या घरातलं गुपित नव्हतंच. सामान परत पाठवलं तर उलट टपाली कविता पाठवणारी बाई, ती कसली लपतेय! (त्याच कवितेच्या गाण्यानं आशाताईंना आणि गुलजारना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. बिनयमकाच्या त्या ओळींना पंचमनं, म्हणजे आर. डी. बर्मननं, चाल कशी लावली, हे मला अजून कळलेलं नाही.)

लपवलं ते पुढे. माया जीव द्यायला जाते, महेंदर तिच्याकडे जायला लागतो आणि घरी एक अक्षर बोलत नाही. सुधाला दिसतं एवढंच, की नवरा वेळेवर घरी येत नाही. ‘ती मरायला टेकली होती गं, म्हणून जातोय’ एवढं एक वाक्य. सुधा चिडली असती, रडली असती, पण बहुतेक स्वतःच डबा घेऊन गेली असती. मला तरी ती तशी बाई वाटते. माझा निकाल त्या एका वाक्यावर, म्हणजे तुमच्या बाजूनं.

आता सासूबाईंचं. सुधा जाते, त्याला हृदयविकाराचा झटका येतो, माया त्याची सेवा करते. पाचगणीहून सुधाचं पत्र येतं: तुम्ही मोकळे आहात, मायाशी लग्न करा. किती मोठ्या मनाचं पत्र! पण ते येतं तेव्हा त्याला हवी असते सुधाच, आणि हे मायाला दिसतं. ती मोटरसायकलवरून निघून जाते, स्कार्फ चाकात अडकतो. हे सुधाला कळतं कधी? तर काही वर्षांनी, पावसाळी रात्री, स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये महेंदर भेटतो तेव्हा. म्हणजे सकाळी ती निघते तेव्हा सासूबाईंचा आरोप तिच्याही सामानात असतोच. तो तिनं स्वतःच ठेवलेला.

ही गोष्ट मूळची कोणाची? — वाचक, बार्शी

सुबोध घोष यांच्या ‘जतुगृह’ या बंगाली कथेची. त्यावर तपन सिन्हांनी 1964 साली त्याच नावाचा बंगाली चित्रपट केला, उत्तमकुमार आणि अरुंधती देवींना घेऊन. गुलजारचा आला 1987 साली. जतु म्हणजे लाख, तेव्हा जतुगृह म्हणजे आपलं लाक्षागृह. पांडवांना निदान विदुरानं आधी सावध केलं होतं.

शेवटी सुधा झालेली रेखा महेंदर झालेल्या नसीरुद्दीनच्या पाया पडते ते मला फार खटकलं. तुम्हाला नाही खटकत? — कॉलेजची विद्यार्थिनी, कोल्हापूर

खटकायचं. मिरजेत माझी व्हिडिओ कॅसेट लायब्ररी होती आणि ‘इजाजत’ची एकच प्रत. लोक जो भाग पुन्हा पुन्हा मागे घेऊन बघायचे तिथली टेप झिजायची, पडद्यावर मुंग्या यायच्या. मला वाटलं, गाण्यावर येतील. आल्या, पण त्याहून जास्त शेवटाला: शशी कपूर आत येतो, सुधानं दुसरं लग्न केलंय हे महेंदरला तेव्हा कळतं आणि ती वाकते, तिथं. कॅसेट नेणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या. मी बायकोला विचारलं, एवढं काय आहे त्यात? ती गहू निवडत होती. म्हणाली, ‘मागच्या वेळी न विचारता गेली होती ना, ते राहिलं होतं तिचं.’

ह्या बायकोच्या पाटल्या मी दुसऱ्या व्हीसीआरसाठी गहाण टाकल्या होत्या. तिला सांगितलं, पॉलिशला दिल्यात. वर्षभर पॉलिश चाललं होतं! सोडवून आणल्या, तिनं हातात घातल्या, विषय संपला. ती गेल्यावर दुकानाच्या जुन्या वह्या चाळताना सराफाची पावती सापडली, गहाणाच्याच महिन्याच्या पानात, चार घड्या घालून. मी पावत्यांच्या घड्या घालत नाही, खिळ्याला टोचतो. म्हणजे तिला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. महेंदरला निदान एक रात्र मिळाली, समोर बसून सगळं सांगून टाकायला. तुमच्या पत्राला उत्तर लिहिताना मी एवढंच डोक्यात घेऊन बसलोय.

ती कॅसेट अजून आहे का? — वाचक, जयसिंगपूर

आहे. माझ्या व्हीसीआरचा पट्टा तुटलाय. तुमच्याकडे चालू मशीन असेल तर घेऊन या, चहा माझ्याकडे. शेवटी मुंग्या येतील, तेव्हा हेड साफ करायला उठू नका.