डीपीएफचा दिवा लागला तर

डीपीएफ म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. गाडी नवीन आणि डिझेल बीएस-६ आहे, तर आधी रोजचं रनिंग बघा. घर ते ऑफिस चार-पाच किलोमीटर, तेही सिग्नल-ट्रॅफिकमधून, असं असेल तर डीपीएफ चोक होणारच. त्यातली काजळी जळायला साधारण ६०० अंश तापमान लागतं. शहरात सायलेन्सर तेवढा तापतच नाही. मग ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जादा डिझेल मारून ती जाळायला बघतो. आयडलिंगचा आरपीएम थोडा चढलाय, ॲव्हरेज एकदम पडलंय, पार्किंगमध्ये पोचलात तरी पंखा जोरात फिरतोय, तर समजा तेच चाललंय. अशा वेळी इंजिन बंद करू नका, कृपा करून. हे वारंवार अर्धवट राहिलं की न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, लगेच बदला. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच ग्रेडचं, लो-ॲश, म्हणजे कमी राख सोडणारं. राख जळत नाही, ती फिल्टरमध्येच साठते.

दिवा लागला तर हायवेला घ्या, एक गिअर खाली ठेवून दोन हजार आरपीएमच्या वर वीसेक मिनिटं चालवा. दिवा लुकलुकला किंवा पिकअप गेला तर मात्र थेट वर्कशॉप. डीपीएफ काढून टाकायचा सल्ला कुणीही देवो, ऐकू नका: ते बेकायदा आहे, वॉरंटी जाते आणि तो धूर आपलीच पोरं ओढतात.