लॅपटॉप कायम चार्जरला लावून ठेवला तर बॅटरी खराब होते का?

घरून काम करताना लॅपटॉप दिवसाचे दहा-बारा तास चार्जरलाच असतो, त्याने बॅटरी 'ओव्हरचार्ज' होते का आणि मधूनमधून ती पूर्ण उतरवावी का, असं तुम्ही विचारलंय.

ओव्हरचार्ज होत नाही. बॅटरी भरली की लॅपटॉपमधलं सर्किट चार्जिंग थांबवतं आणि त्यानंतर लॅपटॉप थेट ॲडॅप्टरच्या विजेवर चालतो. बऱ्याच लॅपटॉपमध्ये बॅटरी 95 टक्क्यांच्या आसपास उतरल्याशिवाय चार्जिंग पुन्हा सुरूही होत नाही.

तरीही बॅटरी झिजते. लिथियम-आयन सेल पूर्ण भरलेला असताना त्याचा व्होल्टेज 4.2 पर्यंत जातो, काही नव्या सेलमध्ये त्याहून थोडा वर. इतक्या व्होल्टेजला आतलं इलेक्ट्रोलाइट (लिथियम वाहून नेणारं द्रव) हळूहळू विघटित होतं, ऋण टोकाच्या ग्रॅफाइटवर थर चढत जातो आणि त्यात कामाचं लिथियम कायमचं अडकतं. लॅपटॉप नुसता पडून असला तरी हे चालूच राहतं, आणि उष्णता मिळाली की फार वेगाने. म्हणजे चार्जर लावल्याने जितकं बिघडत नाही तितकं महिनोन् महिने 100 टक्क्यांवर, तेही गरम ठेवल्याने बिघडतं.

म्हणून चार्जर खुशाल लावून ठेवा, पण चार्जिंगची मर्यादा 80 टक्क्यांवर आणा. माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा याच एका सेटिंगने होतो, आणि बहुतेकांना ते आपल्या मशीनमध्ये आहे हेच माहीत नसतं. लेनोवोत 'व्हँटेज' ॲपमध्ये 'कन्झर्वेशन मोड' सुरू करा; थिंकपॅड असेल तर तिथेच चार्जिंग किती टक्क्यांना सुरू व्हावं आणि कितीला थांबावं हे आकडे भरता येतात. असूसमध्ये 'मायअसूस' ॲपच्या बॅटरी विभागात ही सोय आहे. डेलमध्ये सुरू होताना एफ-2 दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जा, बॅटरीच्या सेटिंगमध्ये 'प्रायमरिली एसी यूज' निवडा किंवा 'कस्टम'मध्ये 50 आणि 80 भरा. एचपीच्या ऑफिससाठीच्या मॉडेलांत एफ-10 दाबून 'बॅटरी हेल्थ मॅनेजर' शोधा आणि 'मॅक्सिमाइझ माय बॅटरी हेल्थ' ठेवा. मॅकबुकमध्ये 'ऑप्टिमाइझ्ड बॅटरी चार्जिंग' सुरू आहे ना, तेवढं बघा. प्रवासाला निघायच्या आदल्या रात्री मर्यादा काढून पूर्ण चार्ज केलंत तर काहीही बिघडत नाही. परत आल्यावर पुन्हा लावायला मात्र विसरू नका.

आत्ता बॅटरीची मूळ क्षमता किती शिल्लक आहे हे विंडोजमध्ये असं पाहा: कमांड प्रॉम्प्ट उघडा, powercfg /batteryreport असं टाइप करून एंटर दाबा. तयार झालेल्या फाइलचा पत्ता तिथेच दिसतो, ती ब्राउझरमध्ये उघडा. 'डिझाइन कपॅसिटी' 50,000 आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' 41,000 असेल तर 82 टक्के क्षमता उरली आहे. एखाद्या दिवशी आकडा दोन-तीन टक्के खाली-वर दिसला तर घाबरू नका, तो मोजणीचाच फरक असतो. महिन्या-दोन महिन्यांचा कल बघा.

रोज शून्यावर उतरवण्याची सवय जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातली. त्यांना 'मेमरी'चा त्रास होता, लिथियमला तो नाही. उलट खोलवर उतरवल्याने झीज वाढते. दोन-तीन महिन्यांतून एकदा 20 टक्क्यांपर्यंत वापरून पुन्हा भरली तर टक्केवारीचा अंदाज सुधारतो. गेलेली क्षमता त्याने परत येत नाही.

उष्णतेकडे खरंच लक्ष द्या. गादीवर किंवा उशीवर ठेवलेल्या लॅपटॉपची खालची जाळी बंद होते आणि सगळी ऊब बॅटरीकडे जाते. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात, खोलीच 40 अंशांच्या वर असताना, तर टेबलावर मागची बाजू दोन बोटं उंच करून ठेवाच. गाडीत बंद काचांमागे लॅपटॉप सोडू नका.

अजून एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मूळ ॲडॅप्टर 65 वॅटचा असताना मोबाइलचा 30 वॅटचा टाइप-सी चार्जर लावला, तर जड काम सुरू होताच उरलेली वीज बॅटरीतून ओढली जाते. चार्जर लावलेला असूनही बॅटरी दिवसभर भरते-उतरते आणि चार्जिंगच्या फेऱ्या (सायकल) वाढत जातात. ॲडॅप्टरवर लिहिलेले वॅट तपासा.

बॅटरी काढता येत असली तरी ती काढून काम करू नका. वीज गेली की न साठवलेलं काम जातं. लॅपटॉप महिनाभर वापरणार नसाल तर साधारण 50 टक्क्यांवर बंद करून थंड जागी ठेवा.

टचपॅड वर आला, क्लिक जड झालं, किंवा लॅपटॉप टेबलावर सपाट बसेना, तर आत गॅस धरून बॅटरी फुगली आहे असं समजा. लगेच बंद करा, चार्जर काढा, दाबून बसवायचा किंवा टोचायचा प्रयत्न अजिबात करू नका, आणि सर्व्हिस सेंटरमध्ये ती बदलून घ्या. जुनी बॅटरी तिथेच द्या. भारतात 2022 च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांची आहे, त्यामुळे घरच्या कचऱ्यात ती जाता कामा नये. घंटागाडीत दबून तिथे आग लागू शकते.