स्पीकरमागे चार टर्मिनल आहेत. बाय-वायरिंग (एकाच अँप्लिफायरवरून, म्हणजे अँपवरून, दोन वायरी) करू की बाय-अँपिंग (वरच्या आणि खालच्या जोडीला वेगवेगळा अँप)?

बाय-वायरिंगवर पैसे घालू नका. एकाच अँपच्या त्याच टर्मिनलवरून दोन वायरी नेल्या, तरी सिग्नल तोच राहतो. त्याऐवजी 2.5 चौरस मिमीची चांगली तांब्याची वायर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या. 5 मीटरच्या जाण्यायेण्यात तिचा रोध जेमतेम 0.07 ओहम भरतो, म्हणजे 8 ओहमच्या स्पीकरला नगण्य.

चार टर्मिनल जोडणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या मात्र नक्की बघा. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत त्या काळ्या-हिरव्या पडतात, स्क्रू सैल होतो आणि ट्विटर (बारीक आवाजाचा भाग) मध्येच बंद पडतो. पट्टीऐवजी त्याच वायरीचे 10 सेंमीचे तुकडे, टोकं सोलून, घट्ट आवळा.

7 चॅनेलचा होम थिएटर रिसीव्हर (एकाच डब्यात सात अँप) असेल आणि मागचे दोन चॅनेल रिकामे असतील, तर बाय-अँपिंग फुकटात करून बघता येतं. रिसीव्हर बंद करा आणि आधी पट्ट्या (किंवा त्यांच्याऐवजी लावलेले तुकडे) काढा. त्या राहिल्या तर दोन अँपचे आउटपुट एकमेकांना भिडतात आणि अँप जळू शकतो. फ्रंटची वायर खालच्या वूफरच्या (जाड आवाजाच्या भागाच्या) जोडीला, मागच्या चॅनेलची वरच्या जोडीला लावा (रिसीव्हरचं मॅन्युअल उलटं सांगत असेल तर तसं), मग मेनूत अँप असाइनमध्ये बाय-अँप निवडा. लाल-काळं तपासा, एका जोडीत उलटं झालं तर क्रॉसओव्हरजवळचा (वूफर आणि ट्विटरमध्ये आवाज वाटला जातो तिथला) आवाज पोकळ येतो.

ताकद दुप्पट होत नाही, कारण पॉवर सप्लाय एकच आणि स्पीकरमधला क्रॉसओव्हरही तसाच. वेगवेगळे दोन अँप वापरणार असाल तर दोघांचा गेन (सिग्नल किती पट वाढवतो ते) सारखा हवा, नाहीतर ट्रेबल किंवा बास वरचढ होईल.