मुलाखती घ्यायला येणाऱ्यांकडून आधी हमी घ्या

जळगावच्या आपल्या विधी महाविद्यालयातील भरती कक्षाचे काम तुम्ही यंदा प्रथमच पाहणार आहात, म्हणून सांगतो : कंपनीला किंवा वकिली कार्यालयाला मुलाखतीची तारीख देण्यापूर्वी जात, धर्म, लिंग, अपंगत्व वा वैवाहिक स्थिती पाहून निवड होणार नाही, अशी लेखी हमी घ्या. भेदभावाला मनाई करणारे संविधानाचे अनुच्छेद 15 आणि 16 मुख्यत्वे राज्यसंस्थेला बांधतात. मात्र 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार खासगी आस्थापनेनेही समान संधी धोरण जाहीर करायचे असते. ते मागून घ्या. पुष्कळांना ते ठाऊकच नसते.

मुलींना हमखास विचारला जाणारा प्रश्न लग्नाचा. नीरा माथूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये आयुर्विमा महामंडळाला मासिक पाळी व गर्भधारणेविषयीचे रकाने प्रपत्रातून काढून टाकणे योग्य, असे सुनावले, हा दाखला जवळ ठेवा.

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणीकडून आलेल्या एका मुलीच्या बोलण्याच्या ढबीवर मुलाखतकार हसला, तेव्हा मी गप्प बसलो. ते अजून बोचते. तुम्ही तिथेच थांबवा आणि विचारलेला प्रश्न त्याच दिवशी, त्याच शब्दांत नोंदवहीत लिहून ठेवा.