आई-बाबांसाठी बिझनेस क्लास : पलंगाचे पैसे द्या, पाहुणचाराचे नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बाबा ७३ वर्षांचे, आई ६८ची. बहिणीच्या बाळंतपणासाठी दोघं सांगलीहून मुंबईमार्गे न्यूजर्सीला जाणार. तुम्हाला त्यांना बिझनेस क्लासनं पाठवायचंय, पण नेहमी प्रवास करणारे जो तो म्हणतोय की आता बिझनेसमध्ये राम राहिला नाही. मग इतका पैसा घालावा का?

घाला. मात्र तो कशासाठी घालताय हे आधी नीट समजून घ्या, म्हणजे वाईट वाटणार नाही.

मी भोसरीतल्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचं निर्यातीचं काम पाहत होते. २००१ पासून वर्षाला सात-आठ वेळा जर्मनी, मधूनमधून अमेरिका. पहिली अठरा वर्षं तिकिटं कंपनीची, नंतर स्वतःच्या खिशातून. त्यामुळे देणाऱ्याची बाजूही मला कळते आणि फुकट बसणाऱ्याचीही.

तक्रार करणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही, पण ते अर्धंच आहे. आज ज्या जुन्या बिझनेस क्लासची आठवण काढतात, त्यातल्या खुर्च्या मला आजही आठवतात. तिरक्या उघडायच्या. रात्रभर माणूस घसरत पायाकडे जायचा आणि पहाटे कंबर धरलेली असायची. पूर्ण सपाट होणारी खुर्ची बिझनेसमध्ये पहिल्यांदा ब्रिटिश एअरवेजनं २००० साली आणली, आणि बाकीच्यांना तिथवर यायला बरीच वर्षं लागली. दार असलेली खोलीवजा जागा तर अगदी अलीकडची. कतारची २०१७ मधली, ब्रिटिश एअरवेजची २०१९ मधली, एअर इंडियाची एअरबस ए-३५० विमानं आल्यानंतरची. निव्वळ झोपेचा विचार केला तर आजचा बिझनेस क्लास वीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या वर्गाच्या तोडीचा आहे. हे मी मनापासून म्हणतेय.

आटलं ते माणसांकडून मिळणारं. पूर्वी जेवण ट्रॉलीवरून, एकामागून एक यायचं. आधी टेबलावर कापड, मग सूप, मग मुख्य जेवण, मग चीजचा तुकडा तुमच्यासमोर कापून. कोविडच्या काळात हाताळणी कमी करायची म्हणून सगळं एका ट्रेमध्ये आलं. साथ गेली, पण बऱ्याच कंपन्यांत ट्रे तसाच राहिला, कारण त्यात वेळ वाचतो, वजन वाचतं आणि कमी माणसांत भागतं. काहींनी पुन्हा टप्प्याटप्प्यानं वाढायला सुरुवात केली आहे, आणि जिथे ती केली आहे तिथे फरक लगेच कळतो.

हे का झालं याचं मूळ बरंच मागचं आहे. बिझनेस क्लास जन्मला तो सत्तरच्या दशकात. तेव्हा पूर्ण भाडं भरून इकॉनॉमीत बसणारे व्यापारी कुरकुरत होते, की शेजारचा सहलीवाला निम्म्या पैशात बसलाय. त्यांची समजूत काढायला पॅन ऍमनं १९७८ मध्ये आणि क्वांटासनं १९७९ मध्ये वेगळा वर्ग केला. म्हणजे हा वर्ग मुळातच कंपनीच्या पैशावर जाणाऱ्यांसाठी होता. तिकिटाचा आकडा त्यांना टोचत नव्हता, त्यामुळे सगळं एकत्र बांधून देणं विमान कंपनीला परवडायचं. कोविडनंतर अर्ध्या बैठका पडद्यावर व्हायला लागल्या आणि त्या खुर्च्यांवर तुमच्या आई-बाबांसारखी, घरच्या पैशानं जाणारी माणसं दिसू लागली. अशा माणसाला आकडा दिसतो. मग कंपन्यांनी आकडा कमी दाखवायला गाठोडं सोडलं. एमिरेट्सनं २०१९ मध्येच लाउंज (विमानतळावरची खाण्या-बसण्याची आरामाची जागा) आणि घरापासूनची गाडी वगळून स्वस्त बिझनेस भाडं काढलं, कतारनंही तोच रस्ता धरला. लुफ्तान्सानं २०२४ मध्ये आणलेल्या नव्या केबिनमध्ये चांगल्या जागांचे वेगळे पैसे लागतात.

म्हणून पहिली गोष्ट, ‘बिझनेस’ हा शब्द वाचून थांबू नका. त्याच विमानात, त्याच रांगेत, तीन-चार निरनिराळ्या नावांची भाडी असतात. सगळ्यात स्वस्तात लाउंज नसेल, जागा आधी निवडता येणार नाही, तारीख बदलली तर मोठा दंड बसेल. बाळंतपणाला निघालेल्यांना तारीख बदलायची वेळ येतेच. बाळ तिकीट बघून येत नाही. लाउंज सोडा, पण तारीख बदलण्याची सोय सोडू नका. आणि तुलना करताना करासकटचा शेवटचा आकडा बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून भारतातून निघणाऱ्या बिझनेसच्या तिकिटावर जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला आहे, इकॉनॉमीवर तो ५च आहे.

लाउंजबद्दल फार हळहळू नका. ठरावीक बँक कार्डांतून दोन रुपये कापून आत जाता येऊ लागल्यापासून आपल्याकडच्या लाउंजमध्ये संध्याकाळी बसायला जागा मिळेनाशी झाली होती. व्हीलचेअर मात्र तिकीट काढतानाच मागा. चालता येत असलं तरी मागा. मुंबईच्या टी-२ टर्मिनलवर चेक-इनपासून गेटपर्यंतचं अंतर आणि न्यूजर्सीच्या नेवार्क विमानतळावर इमिग्रेशनची रांग, या दोन ठिकाणी थकवा येतो, आणि तिथे बिझनेसचं तिकीट फारसं कामी येत नाही.

आता जागेकडे येते, कारण तुमच्या बाबतीत खरा निर्णय तिथे आहे.

सतत उडणारे लोक एकमुखानं सांगतील, १-२-१ रचनेचं (दोन्ही खिडक्यांशी एकेक, मध्ये दोन खुर्च्या) विमान घ्या, खिडकीची एकटी खुर्ची घ्या, दार लावा आणि झोपा. त्यांच्यासाठी ते बरोबर आहे. मीही तेच करते. एमिरेट्सच्या अनेक बोईंग ७७७ विमानांत वर्षानुवर्षं २-३-२ रचना आहे, लुफ्तान्साच्या जुन्या केबिनमध्ये २-२-२. आतल्या माणसाला उठायचं तर बाहेरच्याचे पाय ओलांडावे लागतात, म्हणून आम्ही लोक त्यांना नावं ठेवतो. पण तुमचे बाबा ७३ वर्षांचे आहेत, रात्री दोनदा उठत असतील, पडद्यावर चित्रपट कसा लावायचा हे त्यांना आईला विचारावंसं वाटेल, आणि आईला त्यांची गोळी द्यायची असेल. दोन खिडक्यांच्या दोन बंद खोल्यांत त्यांना बसवलं तर पंधरा-सोळा तास ती दोघं एकमेकांना दिसणारही नाहीत. त्यांच्यासाठी शेजारी-शेजारी असलेली ‘जुनी’ जोडखुर्ची जास्त सोयीची आहे. १-२-१ घेतलंत तर मधली जोडी घ्या, आणि तीही बघून. बऱ्याच विमानांत एका रांगेत मधल्या दोन खुर्च्या चिकटून असतात, तर पुढच्या रांगेत त्यांच्यामध्ये टेबलं येतात आणि माणसं लांब जातात. सीट मॅपवर, म्हणजे तिकीट काढताना दिसणाऱ्या खुर्च्यांच्या नकाशावर, हे दिसतं. चिकटलेली जोडी निवडा, मधली पट्टी खाली करायला सांगा.

दाराबद्दल आणखी एक सांगायचंय. २००६ मध्ये फ्रँकफर्टहून परत येताना, विमानात चढायच्या जरा आधी वडिलांना दवाखान्यात नेल्याचा निरोप मिळाला. मी काही बोलले नव्हते. पण उघड्या केबिनमध्ये येता-जाता त्या विमानातल्या एका वयस्क एअर होस्टेसला माझा चेहरा दिसला. जेवण परत पाठवलं तेव्हा ती माझ्या पाय ठेवायच्या जागेवर येऊन बसली आणि काय झालं ते विचारलं. उतरताना मला सगळ्यांच्या आधी दाराशी नेऊन उभं केलं, आणि बाहेर माणूस तयार ठेवला होता. मी वेळेत पोचले. त्या बाईंकडे तेव्हा बसून बोलायला दहा मिनिटं होती. आज तितक्याच खुर्च्यांना कमी माणसं आहेत, आणि दार लावलेल्या प्रवाशाचा चेहरा कोणाला दिसत नाही. क्रूच्या मनात माया कमी झाली असं मला अजिबात वाटत नाही. त्यांच्या हातातला वेळ काढून घेतलाय. आम्ही जुने प्रवासी चांदीचे चमचे आणि गरम रुमाल यांच्या नावानं हळहळतो, पण माझ्या मते आमचं खरं दुःख हे आहे.

त्यामुळे आई-बाबांना एवढं नक्की सांगा: दार उघडं ठेवा, आणि लाजू नका, बटण दाबा. आपल्याकडची वयस्क माणसं ‘कशाला त्या पोरीला त्रास’ म्हणून तहानेली बसून राहतात. पूर्वी न मागता मिळायचं, आता मागावं लागतं. मागितलं की मात्र बहुतेक जण हसून आणून देतात.

जेवणाचं. तुमच्या घरी शाकाहार असेल तर तिकिटावर ‘हिंदू मील’ निवडू नका. विमानांच्या भाषेत त्याचा अर्थ गोमांस-डुकराचं मांस नसलेलं, पण चिकन किंवा मटण असू शकणारं जेवण. ‘एशियन व्हेजिटेरियन’ घ्या, कांदा-लसूणही नको असेल तर जैन. खास जेवण नोंदवलं की मेन्यूतून निवडायचा पर्याय सहसा राहत नाही, हेही त्यांना आधीच सांगून ठेवा. आणि चव कमी लागली म्हणून स्वयंपाक्याला दोष देऊ नका. वर हवा फार कोरडी असते, नाकच काम करत नाही, मीठ आणि गोड दोन्ही मंद लागतं. मेतकुटाची पुडी आणि लिंबाचं लोणचं पर्समध्ये असलं तर भात जातो. लोणचं छोट्या, घट्ट झाकणाच्या डबीत द्या. दाब बदलल्यावर डबी गळते.

विमानाचा प्रकार बघा म्हणते त्याचं खुर्चीखेरीज आणखी एक कारण आहे. बोईंग ७८७ आणि एअरबस ए-३५० मध्ये आतला दाब सुमारे ६,००० फूट उंचीवर असतो तितका ठेवतात, जुन्या विमानांत तो ८,००० फुटांपर्यंत जातो. म्हणजे नव्या विमानातही पाचगणीहून बरंच वर, जुन्यात त्याहूनही उंच. गुडघ्यापासून पाय सुजणं, डोकं जड होणं यात मला तरी फरक जाणवतो. बाबांना दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

एक धोका कोणी आधी सांगत नाही तो म्हणजे विमान बदलणं. तुम्ही नवी केबिन बघून पैसे भरता आणि आदल्या दिवशी जुनं विमान लागतं. माझ्या बाबतीत हे तीनदा झालं. एकदा तर खुर्चीची मोटर बंद पडलेली होती आणि नऊ तास ती अर्धवट कोनातच राहिली. त्या कंपनीनं पुढच्या प्रवासासाठी एक कूपन दिलं, जे मुदतीत वापरता आलं नाही. तेव्हापासून मी खुर्ची बिघडलेली असली की विमानातच क्रूकडून लेखी नोंद करून घेते आणि फोटो काढते. तुम्हाला बिझनेसमधून खालच्या वर्गात बसवलं तर मात्र नियम स्पष्ट आहे. डीजीसीएच्या (आपल्याकडच्या हवाई वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या) २०२३ च्या नियमानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासात ३,५०० किलोमीटरच्या वरच्या अंतराला करासकट भाड्याच्या ७५ टक्के परत मिळायला हवेत. आई-बाबांना हा आकडा एका कागदावर लिहून द्या, तुमच्या फोन नंबरासकट.

पॉइंट्ससाठी एकच कंपनी धरून ठेवा असं तुम्हाला कोणी सांगितलंय. वर्षाला दहा प्रवास करणाऱ्यासाठी ते ठीक होतं. आता बऱ्याच कंपन्यांत पॉइंट अंतरावर मिळत नाहीत, खर्चावर मिळतात. ब्रिटिश एअरवेजनं एप्रिल २०२५ पासून नेहमीच्या प्रवाशाला मिळणारा दर्जाही खर्चावरच ठरवायला घेतलाय. दोघांच्या एका फेरीसाठी त्यात अडकू नका. शेवटच्या क्षणी बोली लावून अपग्रेड, म्हणजे वरच्या वर्गाची जागा, घेण्याचाही नाद नको, कारण ते एकालाच मिळालं तर दुसऱ्याचं काय?

पुणेकर म्हणून एक आठवण. २००८ मध्ये लुफ्तान्सानं पुण्याहून थेट फ्रँकफर्टचं विमान सुरू केलं होतं, एका स्विस कंपनीचं छोटं, एकाच मार्गिकेचं विमान, आणि सुरुवातीला त्यात सगळ्याच खुर्च्या बिझनेसच्या. चाकण-पिंपरीतल्या जर्मन कारखान्यांच्या जिवावर ते चालायचं. एक्स्प्रेसवेनं मुंबईला जायचे चार तास वाचायचे, ती माझ्यासाठी कुठल्याही जेवणापेक्षा मोठी सेवा होती. ते आता नाही. तुमच्या आई-बाबांचा खरा खडतर टप्पा सांगली ते मुंबई हाच असणार आहे. रात्रभर गाडीत बसवून थेट विमानात चढवू नका. आदल्या दिवशी आणून अंधेरीच्या आसपास एक रात्र झोपू द्या. त्या हॉटेलचे पैसे मी तिकिटाच्या खर्चातच धरेन.

आणि दोन्ही बाजूंचं बिझनेस परवडत नसेल तर जातानाचं घ्या. पोचल्यावर त्यांना लगेच कामाला लागायचंय. परत आल्यावर घरी आठ दिवस झोपता येईल. प्रीमियम इकॉनॉमीत (इकॉनॉमी आणि बिझनेसच्या मधल्या वर्गात) पाय नीट पसरतात, पण पाठ सपाट होत नाही, येताना तेवढं चालेल. फक्त एकमार्गी तिकिटं दोनदा काढू नका. जायला एक वर्ग आणि यायला दुसरा असं एकाच तिकिटावर मागा, बहुतेक वेळा ते स्वस्त पडतं.

कोणती दोन-तीन विमानं डोळ्यांसमोर आहेत ते तारीख, विमानाचा प्रकार आणि भाड्याचं नाव यांसकट सांगा. मधल्या चिकटलेल्या जोडीचे खुर्ची क्रमांक मी बघून देते.