आठ मिनिटं म्हणजे पाच कला

दृश्यकलेच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. प्रदर्शनातल्या अंधाऱ्या खोलीत तिनं आठ मिनिटांचा व्हिडिओ पाहिला. एक हात पाटीवर लिहितो, पुसतो, पुन्हा लिहितो. बाकी काही नाही. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "यात कला कुठे आहे?" तिलाही उत्तर सुचेना. व्हिडिओ आर्टला 'चित्रफीतकला' म्हणावं का, आणि मुळात ती कला आहे का, असं ती विचारते.

चित्रफीत नको! फीत हा शब्द पोर्तुगीज 'फिता'वरून आला, अर्थ पट्टी. कॅसेटमध्ये खरोखरच पट्टी होती तोवर ठीक होतं. आता मोबाइलमधल्या फाइललाही बातम्यांत चित्रफीत म्हणतात, ते दर वेळी कानाला खटकतं. चलचित्र म्हणावं तर त्यावर सिनेमानं कधीच हक्क सांगितलाय.

आता कला. चौसष्ट कला, ललित कला हे सर्वांना ठाऊक आहे, ते सोडतो. पंचांग उघडा. ग्रहांच्या स्थितीपुढे अंश, कला, विकला दिसतील. तिथं कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. चंद्राची कला सोळावा भाग. आणि माझा सर्वांत आवडता अर्थ मनुस्मृतीतल्या कालगणनेत आहे: १८ निमेषांची एक काष्ठा, ३० काष्ठांची एक कला, ३० कलांचा एक मुहूर्त. मुहूर्त ४८ मिनिटांचा, म्हणजे कला ९६ सेकंदांची. निमेष म्हणजे पापणीची उघडझाप. अशा ५४० निमेषांची एक कला! वेळ आणि डोळा याच मालावर जी कला उभी आहे, तिला याहून नेमका शब्द कुठल्या भाषेत सापडेल? तुमची आठ मिनिटं म्हणजे बरोबर पाच कला झाल्या.

'कं म्हणजे सुख, ते देते ती कला' ही व्युत्पत्ती भाषणांतून फार मिरवते. मला ती अजिबात मान्य नाही. सुख देणं हा अर्थ आधी ठरवायचा आणि मग शब्दाचे तुकडे पाडायचे, याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'कल' धातू शब्द आणि संख्यान, म्हणजे मोजणं, या अर्थांनी दिला आहे. संकलन, आकलन त्यातलेच. माझा कौल इथंच: कला म्हणजे मोजून वेगळा काढलेला अंश. कसब हा अर्थ मागाहून चिकटला, आणि तुमच्या शेजाऱ्यांना हवं होतं ते कसबच.

व्हिडिओ आर्टचे एक आद्य कलावंत नाम जून पाइक यांची १९७४ची 'टीव्ही बुद्ध' ही कलाकृती पाहा. बुद्धमूर्तीसमोर कॅमेरा आणि टीव्ही. मूर्ती पडद्यावर स्वतःलाच पाहत बसलेली. मूर्ती पाइक यांनी घडवलेली नाही, टीव्हीही नाही. कसब शोधणाऱ्याच्या हाती तिथं काय लागणार? पण पाहण्याचा एक अंश त्यांनी अचूक वेगळा काढून समोर ठेवला, आणि मी त्याला निःशंकपणे कला म्हणतो. शिवाय लॅटिनमध्ये 'व्हिडिओ' म्हणजेच 'मी पाहतो'. त्याचा धातू आपल्या 'विद्'चा सख्खा भाऊ, म्हणजे व्हिडिओ आणि विद्यार्थिनी एकाच घरच्या.

हो, शब्द राहिलाच. सरळ 'व्हिडिओकला' लिहा. आणि त्या पाच कलांत पाटीवरचा हात किती वेळा थांबला, तेवढं आठवून कळवा.